जास्वंदीचा चोर आणि पिशवीतले खून

अहो माई, उठू नका, उठू नका! बसा तिथेच, मी बोलते मोठ्यानं. गुडघा नवा आहे म्हणून लगेच त्याची परीक्षा घ्यायची काय? आणि काठी जपून टेकवा, घसरतेय बघा फरशीवर. बुडाचं रबर पडलंय होय? शोधलंत का? नाही सापडलं. बरं, राहू दे. हा घ्या कढीपत्ता. त्याच्याखाली पुस्तकं आहेत. टीव्हीवरच्या सुना बघून बघून तुमचं डोकं उठलंय, असं अण्णा परवा सांगत होते. म्हटलं, माईंना चार खून वाचायला देऊ.

हसता काय? दुखण्यानं झोप येत नाही ना रात्री? मग पोथीपेक्षा खून बरा. पोथीत पुढे काय होणार ते ठाऊक असतं.

सगळ्यात वरची ती पातळ पुस्तकं बाबूराव अर्नाळकरांची. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या त्या माणसानं! आपल्याकडे वाण्याची यादी लिहितानाही पेन अडतं. झुंजार आठवतोय? काळा पहाड? आमचे वडील वाचनालयातून आणायचे आणि आम्ही भूगोलाच्या पुस्तकात घालून वाचायचो. आता वाचताना भोळं वाटतं थोडं, पण चार वाजताच्या चहाच्या आत बदमाश गजाआड जातो. दुखण्यात तेवढा दिलासा पुरतो.

त्याखाली शेरलॉक होम्स, भालबा केळकरांनी मराठीत आणलेला. त्यातली एक गोष्ट मला फार आवडते. तबेल्यातून शर्यतीचा घोडा नाहीसा होतो. सगळे पावलांचे ठसे शोधत बसतात आणि होम्स विचारतो कुत्र्याचं. कुत्र्यानं काय केलं? तर काहीच केलं नाही, भुंकलंच नाही. म्हणजे आलेला माणूस ओळखीचा! एवढं सांगितलं तर बिघडत नाही, पुढचं तुम्ही वाचा.

कुत्र्यावरून आठवलं. आमच्या जास्वंदीची फुलं जातायत हो रोज. दोन आठवडे झाले. पहाटे कळ्या मोजून ठेवते, सातला बघावं तर फांद्या मोकळ्या. आणि आमचा मोती, ज्यानं पोस्टमनला दहा वर्षांत एकदाही माफ केलं नाही, तो गप्प झोपलेला! तुमचा संशय त्या पिशवीवाल्या फिरायला जाणाऱ्यांवर? माझाही होता. असू दे, येते त्यावर.

हं, ही जाडी पुस्तकं अगाथा ख्रिस्तीची. बाई पहिल्या महायुद्धात दवाखान्यात औषधं द्यायच्या कामाला होती, तिथे विषांची ओळख झाली. ती विद्या पुढे जन्मभर कादंबऱ्यांत वापरली. 1926 मध्ये स्वतःच अकरा दिवस बेपत्ता झाली होती, सगळं इंग्लंड शोधत होतं, आणि सापडली कुठे, तर एका हॉटेलात! तिची मिस मार्पल घ्या आधी. 1930 मध्ये मार्पलची पहिली कादंबरी आली. विणकाम करणारी म्हातारी, खेड्यात राहते, कंपाउंडवरून सगळ्यांकडे लक्ष. हो हो, तुमच्या-माझ्यासारखीच, म्हणा की! तिची पद्धत सोपी. खुनी बघितला की तिला गावातलं कुणीतरी आठवतं: अमक्याच्या पोरानं असंच तोंड केलं होतं, तमकीची मोलकरीण असंच खोटं बोलली होती. माणसं सगळीकडे सारखीच, एवढ्या एका गोष्टीवर ती चोर पकडते. आपण त्याला चहाड्या म्हणतो, इंग्रजीत त्याच्या कादंबऱ्या झाल्या.

फेलूदाची दोन पुस्तकं नातवासाठी ठेवलीयत, पण आधी तुम्हीच वाचाल, मी ओळखते. सत्यजित राय यांचा गुप्तहेर, मराठीत अशोक जैनांनी आणला. त्यातला एक मामला आपल्या वेरूळच्या लेण्यांत घडतो, मूर्ती तोडून विकणाऱ्या टोळीचा. नातवाला घेऊन वेरूळला जायचंय ना तुम्हाला? गुडघा बरा होईपर्यंत हेच वेरूळ.

काय म्हणालात? खऱ्या खुनांची पुस्तकं? आहेत ना माझ्याकडे. रमाकांत कुलकर्णींचं आहे, ते पोलीस अधिकारी, मुंबईचा रामन राघव आणि परभणीकडचं मानवत, दोन्ही तपासांत होते. गुप्तधनापायी मानवतला बाया आणि लहान मुली मारल्या हो. ते पुस्तक देईन तुम्हाला, पण दिवसा वाचायच्या अटीवर. तपास म्हणजे चप्पल झिजवणं, हे त्यात कळतं. तिथे झुंजार येत नाही उडी मारून.

आपल्या पुण्यातलं मात्र आत्ता देणार नाही. जोशी-अभ्यंकर खून प्रकरण. खून करणाऱ्या त्या पोरांपैकी एकानं तुरुंगात लिहिलेलं 'येस, आय अ‍ॅम गिल्टी' आहे कपाटात, पण पिशवीत घातलं नाही. 1976 ला मी आठवीत होते. दिवे लागले की दारं बंद. वडिलांनी आमच्या दाराला दुसरी कडी बसवली, ती अजून तशीच आहे त्या घराला. चौघांना येरवड्यात 1983 च्या नोव्हेंबरात फाशी झाली, तरी आई रात्री दोनदा उठून कडी बघायची. एकूण दहा माणसं मारली, माई. आज कुणालाही विचारा, मारणाऱ्यांची नावं घडाघडा सांगतील. आणि भांडारकर रस्त्यावरच्या त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या अभ्यंकरशास्त्र्यांनी संस्कृत व्याकरणाचा कोश केला होता, हे किती जणांना ठाऊक? म्हणून म्हणते, कादंबरीतलं प्रेत खोटं असतं, त्यावर शेंगदाणे खात वाचता येतं. खऱ्यातलं प्रेत कुणाच्या तरी शेजारचं असतं. वाचायचं जरूर, पण मेलेल्या माणसाचं नाव आधी पाठ करून. ते पुस्तक तुम्ही चालायला लागलात की घेऊन जा.

अगबाई, दूध ठेवलंय गॅसवर! थांबा, बंद करून आले.

हां. तर जास्वंदीचा चोर. मिस मार्पलला विचारलं मी. माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या तेव्हा देवपूजा आमच्या ह्यांच्यावर आली होती. आयुष्यात कधी फूल न तोडलेला माणूस. मागायची लाज, म्हणून पहाटे जाऊन शेजारच्यांची तगर ओरबाडून आणायचे. आता बघा, चोरी सुरू झाली ती तुमच्या ऑपरेशननंतर. मोती भुंकत नाही. आणि वरच्या फांद्या वाकवल्यात, कशाच्या तरी मुठीत अडकवून.

नाही नाही, पोलीस कशाला? फुलं देवालाच जातायत. खालच्या डहाळीला हात लावू नका म्हणावं फक्त, तिथे लाल मुंग्या आहेत.

आणि हे घ्या, आज सकाळी जास्वंदीच्या आळ्यात सापडलं. काळं रबर आहे. तुमच्या काठीला बसतंय का बघा बरं.