नाही म्हणायची सोय नाही

हिंगोलीच्या स्टेशनावर पाटी ‘हिंगोली डेक्कन’ अशी आहे. ती वाचून आमच्यातल्या एका पुणेकराला एकदम घरच्यासारखं वाटलं आणि त्याने ‘छोटंसं, निवांत, जरा प्रायव्हसी असलेलं’ हॉटेल हवं, अशी मागणी केली. आमचा वसमतचा दोस्त म्हणाला, “आहे ना,” आणि एका गल्लीतल्या खानावळीत घेऊन गेला.

छोटंसं ही अट पूर्ण झाली. चार टेबलं, त्यातल्या एकावर मालकांचा नातू पाढे लिहीत बसलेला. मेनू कार्ड मागितल्यावर मालक दुखावले. “कार्ड कशाला? काय हाय ते मी सांगतो की.” सांगितलंही नाही, सरळ वाढलं. ज्वारीची भाकर, कारळाची चटणी, ठेचा, फोडलेला कांदा आणि येसरची आमटी. भाजलेल्या धान्याच्या त्या मसालेदार पिठाची आमटी पहिल्या भुरक्याला जिभेशी गोड बोलते आणि दुसऱ्याला कानशिलात देते. पुणेकराने हळूच विचारलं, “जरा कमी तिखट मिळेल?” मालकांनी आत आरोळी ठोकली, “एका पाहुण्याला फिकं!” सगळी खानावळ वळून त्याच्याकडे बघू लागली. प्रायव्हसी इथे संपली.

शेजारचे काका हळद विकायला आले होते. इथल्या हळद मार्केटला नाव संत नामदेवांचं. काकांनी आमचं गाव, आडनाव, पगार आणि पुणेकराचं लग्न का जमत नाही, या क्रमाने चौकशी केली. मग वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, हे इतक्या तोऱ्यात सांगितलं की जणू मुलगा कलेक्टर झाला असावा. शेवटी तिखटावर उतारा म्हणून स्वतःच्या ताटातला गुळाचा खडा पुणेकराच्या ताटात टाकला.

“बस, आता नको,” आम्ही म्हणालो. “काहून हो? भाकर कडक झाली का?” आणि ताटात आणखी एक. पोट खरंच भरलंय, हे आम्ही आळीपाळीने शपथेवर सांगून पाहिलं. पण नामदेवांचं जन्मगाव मानलं जाणारं नरसी याच तालुक्यातलं. लहानग्या नामदेवाने हट्ट धरून विठ्ठलाला नैवेद्य खायला लावला, अशी कथा आहे. साक्षात देवाला जिथे ‘पुरे’ म्हणता आलं नाही, तिथे सदाशिव पेठेची काय कथा! सकाळीच औंढा नागनाथला जाऊन आलो होतो. पुजाऱ्यांनी हटकलं म्हणून नामदेव मागे जाऊन कीर्तनाला बसले आणि अख्खं देऊळ त्यांच्याकडे फिरलं, अशी तिथली आख्यायिका. नंदी अजूनही मागच्या बाजूला आहे. देऊळ फिरलं असेल. मालक फिरणाऱ्यातले नव्हते.

चहा मागितला, तर जेवणावर लगेच चहा पिऊ नये असं ऐकावं लागलं. पाणीही उभं राहून पिऊ दिलं नाही. मग बिल मागितलं.

“गडबड काय हाय? रातचं धरूनच एकदम द्या.”

“आमची चारची गाडी आहे हो.”

“लेट हाय ती. तुम्ही हात धुवायला गेलाव तवाच फोन केला स्टेशनाला,” मालक म्हणाले आणि आत ओरडले, “पाच माणसं रातीला! त्यात एक फिकं!”