नोटिशीचा टेकू

पावसाळा तोंडावर आला की मुंबईत धोकादायक इमारतींची यादी निघते आणि १८८८च्या महापालिका कायद्याचं कलम ३५४ भिंतीवर चिकटतं : 'सी-१, अतिधोकादायक. त्वरित रिकामी करा.' या दक्षतेला तोड नाही. प्लास्टर सुटतं, सळया गंजतात. नोटीस मात्र कोरी करकरीत आणि खळ अस्सल. रहिवाशांनी जायचं कुठं, एवढं लिहायला कागद तेवढा अपुरा पडतो. आमची नम्र सूचना : नोटिसा जाड पुठ्ठ्यावर छापून चारही भिंतींना चिकटवाव्यात, दुरुस्तीचा खर्च वाचेल. उद्या इमारत कोसळलीच, तरी नोटिशीची भिंत तेवढी उभी राहायला हवी. चौकशी समितीला तीच दाखवायची असते.