पहिलटकर बाप

आमच्या फायटरनं स्वतःची अंडी खाल्ली, ही बातमी मी सांगायच्या आत गल्लीत पोचली होती. शेगावात सल्ला फुकट मिळतो. शेजारचे काका म्हणाले, "पाण्यात तिखट टाकून पाय थोडं. सुटते मंग सवय."

दुकानात त्याला फायटर म्हणतात. मी मात्र 'बेट्टा स्प्लेन्डेन्स' म्हणतो, कारण शास्त्रीय नाव घेतलं की समोरचा माणूस अर्धं पाऊल मागे सरकतो. हे नाव चार्ल्स टेट रीगन यांनी १९१० साली दिलं, म्हणजे आमच्या शेगावच्या गजानन महाराजांनी समाधी घेतली त्याच साली. या योगायोगावर मी कित्येक पाहुण्यांना गप्प केलं आहे. थायलंडनं २०१९ साली या माशाला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. आमच्याकडे तो लोणच्याच्या बरणीत राहायचा. नाव 'राजे'. 'महाराज' म्हणायची शेगावात सोय नाही.

एका वेळची अंडी शंभराच्या पुढेही जातात हे कळल्यावर मी वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडला. पानाच्या तळाशी येईपर्यंत मी खामगावच्या सराफ्यात चांदी निवडत होतो.

आता पाणी. पाण्यावर मी बोलायला लागलो की घरातले उठून जातात. वाचकांनी कृपया बसावं. पूर्णा नदीच्या खोऱ्यात अकोला, अमरावती आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पसरलेला आमचा खारपाणपट्टा. विहीर खणावी तर पाणी खारं. त्यात डाळ शिजता शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि पुण्याकडचा जावई चहाचा पहिला घोट घेऊन सासऱ्याकडे संशयानं बघतो. हे पाणी शेताला द्यावं तर काळी जमीन बिघडते, म्हणून विहीर असूनही शेतकरी आभाळाकडेच बघतो. आणि राजेंचं मूळ कुठलं, तर थायलंडकडच्या भातखाचरांतलं. त्यांना हवं मऊ, किंचित आंबटसर पाणी. मग मी वीस लिटरचा जार आणला आणि त्यात रानबदामाची वाळलेली पानं भिजत घातली. पाण्याला चहासारखा रंग आला. आत्या आली होती. तिनं विचारलं, "चहा पाजतं का बाप्पा त्याले?" मी हसलो. मग ती म्हणाली, "आमी गोड्या पान्यासाठी कोसभर जावो." त्यानंतर त्या जारकडे बघायची मला जरा लाज वाटायला लागली. जार मात्र येत राहिला.

तर बाप. या जातीत संसार बाप करतो. तो वरची हवा तोंडात घेतो, लाळेत घोळवतो आणि बुडबुडा बुडबुडा जोडून फेसाचं घरटं बांधतो. त्याला आधार म्हणून मी थर्माकोलचा अर्धा कापलेला कप तरंगत ठेवला होता. मादीनं अंडी सोडली की ती खाली पडत जातात. हा खाली जाऊन एकेक तोंडात वेचतो आणि वर घरट्यात चिकटवतो. मग मादीला हाकलतो. पाणी २७-२८ अंशांवर असेल तर एक-दोन दिवसांत पिल्लं निघतात, शेपट्या खाली सोडून फेसाला लोंबकळतात आणि सारखी गळतात. गळली की उचल, परत लाव. या काळात तो स्वतः बहुधा उपाशीच असतो.

मी मोबाइलचा टॉर्च लावून पहारा करत होतो. त्यानं अंडं तोंडात घेतलं की मी ओरडायचो, "खाल्लं!" तेवढ्यात तो ते घरट्यात ठेवून मोकळा. उचलायचं तोंड आणि खायचं तोंड एकच, त्यामुळे पंचनामा अवघड. सकाळी मात्र घरटं रिकामं होतं. मी रागानं राजेंची सगळी बिरुदं काढून घेतली. बायको म्हणाली, "माह्या तोंडावर रातभर टारच माराल, त मीबी काहीबाही खाईन."

तिचं शास्त्र बरोबर होतं. सारखी ढवळाढवळ झाली की नर बिथरतो आणि घरटं मोडतो. पहिलटकराला कामच उमगलेलं नसतं. शिवाय न फळलेली अंडी पांढरी पडतात, त्यांना बुरशी लागते, ती शेजारच्या अंड्यांवर पसरते. ती खाणं हा घर झाडण्याचाच भाग. काकांनी यावरही निकाल दिला. २३ फेब्रुवारी १८७८ ला महाराज या गावाला पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शितं वेचताना. "मंग इथला मासा अन्न वाया कसं जाऊ देईन?"

मला वडील आठवले. ते स्टेशनावरून कचोऱ्या आणायचे, तेव्हा एक तिथंच उभ्यानं खाऊन येतात, असा आईचा जन्मभराचा आरोप होता. त्या एका कचोरीवर घरात वर्षानुवर्षं खटला चालला. घरी आलेल्या कचोऱ्यांचा हिशेब कुणीच ठेवला नाही, मीही नाही. बापानं उचलून आणलेलं मोजायची पद्धत आपल्याकडे नाही. खाल्लेलं तेवढं मोजतात.

तेव्हा वाचकहो, फायटरची पैदास करायची असेल तर मादीला वेळेवर बाहेर काढा, टाकीवर कापड टाका, टॉर्च कपाटात ठेवा आणि पहिलटकर बापाला आणखी एक संधी द्या. पिल्लं आपापली आडवी पोहायला लागली की मात्र त्याला त्याच दिवशी वेगळा करा. त्यानंतर तो तोंड उघडेल ते खायलाच.