भाग एक, कबड्डी आणि 'पुढं काय' : नवख्यांसाठी मार्गदर्शिका

प्रथम अभिनंदन. सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका कॉलेजात तुम्हाला बी.एस्सी. भाग एकला प्रवेश मिळाला आहे. 'आधी बारावी होऊ दे, मग खेळ' असं घरचे दोन वर्षं सांगत होते. आता ते 'आधी डिग्री होऊ दे' म्हणतील. डिग्री झाली की 'आधी नोकरी लागू दे'. ही मार्गदर्शिका या शेवटच्या दोन वाक्यांच्या मधल्या फटीत कबड्डी कशी खेळायची, एवढ्यापुरतीच आहे.

लागणारं साहित्य

एक एस.टी.चा पास. एक सॅक, जिच्यात वरच्या कप्प्यात जर्नल आणि खालच्या कप्प्यात घामेजलेली जर्सी राहील. हा क्रम उलटा करू नये. केमिस्ट्रीचे सर जर्नल वास घेऊन तपासत नाहीत हे खरं, पण नाक त्यांनाही आहे. शिवाय एक असा मित्र, जो काहीच खेळत नाही आणि प्रत्येक तासाला बसतो. हे साहित्य सर्वांत दुर्मिळ. सापडला तर त्याला भडंग, चहा, जे मागेल ते द्या.

बूट शेवटी घ्या. निवड होईपर्यंत कुणाचेही चालतात.

दिवसाची आखणी

पहाटे पाचला उठून मैदान, साडेसातला घर, नऊला प्रॅक्टिकल, दुपारी थिअरी, संध्याकाळी पुन्हा मैदान, रात्री अभ्यास. हे वेळापत्रक रंगीत पेनानं लिहून भिंतीवर लावा. ते पाळायचं नसतं. आईनं पाहुण्यांना दाखवायचं असतं.

जुलै-ऑगस्टमध्ये मात्र सगळी आखणी कृष्णामाईच्या हातात जाते. सांगलीत त्या दिवसांत सकाळी उठल्यावर कुणी 'सराव आहे का' विचारत नाही, 'आयर्विनला किती?' असं विचारतात. म्हणजे आयर्विन पुलापाशी नदीचं पाणी किती फूट. चाळीस फूट इशारा, पंचेचाळीस धोका. 2019 साली पाणी साडेसत्तावन्नपर्यंत गेलं होतं, त्या महिन्यात कोण कुठल्या संघात आहे हे कुणालाच आठवत नव्हतं. पावसाळ्यात पाणी इशाऱ्याखाली असेल तर सराव, वर गेलं तर पुस्तक. अभ्यासाची अशी शिस्त घरच्या कुणालाही लावता आलेली नाही.

हजेरी

पंचाहत्तर टक्के हजेरीचा नियम प्रवेशाच्या दिवशीच सांगतात. खेळाडूंना त्यात सवलत असते, पण ती आपोआप चालत येत नाही. स्पर्धेला गेलात की जिमखान्याच्या सरांचं पत्र विभागप्रमुखांपर्यंत पोचवायचं काम तुमचं. सर देतील, क्लार्क देईल, असं समजून बसलात तर परीक्षेच्या आठवडाभर आधी फळ्यावर नाव झळकतं.

प्रॅक्टिकलचं गणित वेगळं. थिअरी दुसऱ्याच्या वहीतून वाचता येते. टायट्रेशन मात्र तुमच्याच हातून व्हायला हवं, निदान तसं दिसायला तरी हवं. तुम्ही झोनल स्पर्धेला गेला होता आणि जर्नल मित्राचं बघून भरताय असं समजा. त्याचं ब्युरेट रीडिंग 9.8 आहे. तुम्ही 9.8 लिहिलंत तर कॉपी. 12 लिहिलंत तर प्रयोग चुकला. 9.7 लिहा. तीन रीडिंगं घ्यायची असतील तर 9.7, 9.7 आणि एक 9.8. सरांना हे माहीत असतं. सरांचे सरही असंच करत होते. तरी एक सांगतो, खेळत नसाल त्या दिवशी एकदा खरंच ब्युरेट भरा. गुलाबी रंग एका थेंबात येतो, आणि तो थेंब ओळखणं चढाईत बोनस रेषेपलीकडे पाय टाकण्याइतकंच अवघड आहे.

नातेवाईक हाताळणे

हा या मार्गदर्शिकेचा सर्वांत मोठा भाग असायला हवा होता. लग्न, बारसं, वास्तुशांत, कुठंही गेलात तरी 'मग पुढं काय ठरवलंय?' हा प्रश्न ताटाबरोबरच वाढला जातो. 'कबड्डी' असं उत्तर दिलंत तर काका म्हणतात, 'ते झालं रे, पण पोटापाण्याचं?' 'एमपीएससी' असं उत्तर दिलंत तर काका गप्प होतात आणि जिलेबी पुढं सरकवतात. घास गिळेपर्यंत हे उत्तर पुरतं.

आपल्या गावात माधवनगरच्या क्रिकेटपटू स्मृती मानधनाचं उदाहरण दोन्ही बाजूंनी वापरलं जातं, हे ध्यानात ठेवा. तिनं इथंच चिंतामणराव कॉमर्सला प्रवेश घेतला होता. 2013 मध्ये, सतरा वर्षांची असताना, महाराष्ट्राच्या एकोणीस वर्षांखालच्या संघाकडून गुजरातविरुद्ध दीडशे चेंडूंत नाबाद 224 धावा काढल्या. काकांचं म्हणणं, 'अशी एखादीच असते.' 2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री भारतानं तिच्यासह महिला विश्वचषक जिंकला तेव्हा हेच काका 'आमच्या सांगलीची पोरगी' म्हणून नाचत होते. त्यांना दोष देऊ नका. घरातला खेळाडू त्यांना धोक्याचा वाटतो, शेजारचा अभिमानाचा.

त्यांना गप्प करायचंच असेल तर साताऱ्याकडून मदत मागवा. माण तालुक्यातल्या मोहीच्या ललिता बाबर 2016 मध्ये रिओ ऑलिंपिकच्या स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावल्या आणि पुढं राज्याच्या महसूल खात्यात अधिकारी झाल्या. 'तहसील' हा शब्द कानी पडताच कुठल्याही काकांचा चेहरा बदलतो.

खर्चाची तरतूद

कराडजवळच्या गोळेश्वरचे पैलवान खाशाबा जाधव 1952 ला हेलसिंकी ऑलिंपिकला निघाले तेव्हा पैसे नव्हते. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, कुस्त्यांचे फड भरवून ते पैसे फेडले आणि 1955 ला फौजदार म्हणून पोलिसात गेले. शिक्षण, खेळ आणि नोकरी या तिन्हींचं जमवलेला आपल्या भागातला हा पहिला मोठा माणूस.

तेव्हा आपल्या प्राचार्यांचं घर कुणाच्या नावावर आहे आणि त्यावर बँकेचा बोजा आहे का, हे आधी बघून ठेवा. बहुधा असेल. मग गाडीभाडं घरूनच न्यावं लागेल.

एक किलो

सांगलीच्या वेटलिफ्टर संकेत सरगरच्या घरची पानटपरी. 2022 च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत 55 किलो गटात त्यानं एकूण 248 किलो उचलले. कोपर दुखावलं तरी शेवटच्या प्रयत्नाला उभा राहिला. मलेशियाच्या स्पर्धकानं 249 उचलले, सुवर्ण तिकडं गेलं. एका मार्कानं विषय राहिला म्हणून रडणाऱ्या रूममेटला ही गोष्ट सांगा. तुमचाच विषय राहिला असेल तर स्वतःला सांगू नका, गुपचूप फॉर्म भरा.

कागद

इथं गंमत संपते. राज्याच्या सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. ते तुमच्या पिंडऱ्या बघून मिळत नाही, कागद बघून मिळतं. जत्रेतल्या स्पर्धेची ढाल कपाटात शोभते, अर्जाला लागत नाही. स्पर्धा अधिकृत हवी, पद जितकं वरचं तितकी स्पर्धाही वरची हवी, आणि प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांकडून करून घ्यावी लागते. जाहिरात आल्यावर पळापळ करणारे मैदानावर कितीही चपळ असले तरी इथं बाद होतात.

पोलिस भरतीचा विचार असेल तर एवढं लक्षात ठेवा : मैदानी चाचणी 50 गुणांची, लेखी 100 गुणांची. रोज 1600 मीटर पळणारा कबड्डीपटू पहिल्या पन्नासांत पुढं असतो. उरलेले शंभर त्या काहीच न खेळणाऱ्या मित्राच्या वहीत आहेत.

आणि नावाचं स्पेलिंग. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि झोनलच्या प्रमाणपत्रावर ते एकच असू द्या. प्रमाणपत्र हातात पडताच तिथंच उभं राहून वाचा. संयोजकांचा माणूस तोवर मांडव सोडत असतो. त्याला थांबवा, दुरुस्ती करून सही-शिक्का घ्या आणि मगच गाडीत बसा. पदकाचा फोटो नंतर काढता येतो.

शिक्षण, खेळ आणि नोकरीची तयारी या तिन्ही गोष्टी सारख्या सांभाळणारा विद्यार्थी फक्त कॉलेजच्या माहितीपुस्तकाच्या मुखपृष्ठावर असतो. तुम्हाला दर महिन्याला एक गोष्ट मागं टाकावी लागणार. ती कुठली, हे तुम्ही ठरवा, काकांना ठरवू देऊ नका. झोनलचा पात्रता अर्ज जिमखान्यात मिळतो. दहावी-बारावीच्या मार्कशीटच्या झेरॉक्स आणि फोटो बरोबर न्या, आणि सकाळी जा. दुपारी त्या खोलीला कुलूप असतं.