रणगाड्याच्या भेगा : निदान व उपचार

१:३५ प्रमाणाच्या प्लास्टिक प्रतिकृतीत एक मिलिमीटरची फट म्हणजे खऱ्या रणगाड्याला साडेतीन सेंटिमीटरचे भगदाड. एवढ्यातून पाऊस आत शिरून चालकाचा डबा भिजेल. सबब, ती बुजवणे हे प्रतिकृतीकाराचे कर्तव्य ठरते.

आजार चार. फट दोन भागांच्या सांध्यात असते. खळगा प्लास्टिक जाड असेल तिथे पडतो, कारण ते निवताना आकसते. गोल ठसा हा साच्यातून भाग बाहेर ढकलणाऱ्या पिनेचा. चौथा आजार जुन्या संचांच्या तळाची भोके. तामिया या जपानी कंपनीचा पँथर रणगाडा आत मोटर आणि बॅटऱ्या मावाव्यात अशा बेताने आखला गेला. माप नंतर काढले, ते १:३५ च्या आसपास निघाले. पुढे तेच प्रमाण जगभर रूढ झाले. स्विचची भोके तेवढी छंदिष्टाच्या वाट्याला आली.

औषध आजार पाहून द्यावे. केसाएवढ्या फटीसाठी संचाच्या उरलेल्या काड्या पातळ प्लास्टिक-सिमेंटमध्ये रात्रभर विरघळवाव्यात. काकवीसारखे जे होते, ते रणगाड्याच्याच रक्तगटाचे असते. खळग्याला आणि गोल ठशाला पुट्टी. ती वाळताना आकसते, म्हणून पातळ थर द्यावेत आणि दोन थरांमध्ये एक दिवस जाऊ द्यावा. घाई झाल्यास फेविक्विकमध्ये टाल्कम पावडर कालवावी, पण तासाभरात घासून घ्यावे. एकदा मुरल्यावर ते प्लास्टिकपेक्षा कडक होते आणि घासताना भोवतालचा रणगाडाच झिजतो. मोठ्या भोकाला आतून प्लास्टिकचे ठिगळ लावून दोन भागांची इपॉक्सी थापावी व ओल्या बोटाने सारखी करावी. हे भोक तळाला असल्याने ते कोणीही पाहणार नाही. त्यावर सर्वांत जास्त वेळ द्यावा.

घासायला ४००, ६०० आणि १००० नंबरचा पॉलिशपेपर पाण्यासह वापरावा. शेजारच्या रिव्हेटांवर चिकटपट्टी लावावी. तरीही एक रिव्हेट जातोच. त्याच्या जागी पांढऱ्या गोंदाचा थेंब टाचणीने ठेवावा.

मग राखाडी प्रायमर मारावा. बुजलेली फट पुन्हा दिसू लागते. हे प्रायमरचे काम आहे, त्याच्यावर रागावू नये.

काही ठिकाणी मात्र हात आवरावा. वेल्डिंगची शिवण ही भेग नव्हे. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-३४ रणगाड्याचा ओतीव बुरूज मुळातच खडबडीत होता. तो गुळगुळीत केल्यास कारखान्याने घाईत केलेले काम छंदिष्टाने फुरसतीत बिघडवले असे होते. ज्यांना पुट्टी सफाईने लावताच येत नाही, त्यांनी १९४३-४४ मधला जर्मन रणगाडा निवडावा. चुंबकी सुरुंग चिकटू नयेत म्हणून त्यावर कारखान्यातच झिमेरिट नावाचा लेप थापून त्यात खाचा ओढत. तिथे पुट्टीचे ओरखडे इतिहासाला धरून होतात.

एवढ्यानेही जे बुजत नाही, त्यावर चिखल रंगवावा. चिखलाला पॉलिशपेपर लागत नाही.