कागदोपत्री गरीब कसे व्हावे

गरीब असणे वेगळे आणि गरीब ठरणे वेगळे. पहिल्यासाठी खटपट लागत नाही; यवतमाळ जिल्ह्यातल्या आर्णी तालुक्यात दोन एकर कोरडवाहू आणि ऐन फुलोऱ्यात दडी मारलेला पाऊस एवढ्यावर भागते. ठरण्यासाठी मात्र अभ्यास हवा. करोनाच्या दोन वर्षांत ज्यांचा हा अभ्यास कच्चा राहिला त्यांच्यासाठी, आणि पुढच्या साथीत नव्याने दाखल होणाऱ्यांसाठी, हे धडे. लिहिणाऱ्याची पात्रता इतकीच, की त्या काळात गल्लीतल्या निम्म्या घरांचे अर्ज याच्याच ओट्यावर भरले गेले.

साहित्य: आधारकार्डाच्या सहा झेरॉक्स (पाच मागतात, सहावी हरवते). रेशनकार्ड, पासबुक, दोन फोटो. आधारला जोडलेला मोबाइल नंबर, आणि तो मोबाइल ज्याच्या खिशात आहे तो मुलगा. मुलगा पुण्याला कामावर असेल तर ओटीपी येण्याच्या मुहूर्तावर त्याला जागे ठेवावे. डबा सोबत न्यावा.

आता एक शब्द पाठ करा: नोंदणीकृत. 13 एप्रिल 2021 ला मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी निर्बंधांबरोबर 5,476 कोटी रुपयांची मदत जाहीर केली, तेव्हा गल्लीभर टीव्हीचा आवाज मोठा होता आणि सगळ्यांना 1,500 हा आकडा स्वच्छ ऐकू आला. त्याच्या आधीचे विशेषण कुणालाच ऐकू आले नाही. बांधकाम कामगारांना 1,500, पण नोंदणीकृत. घरकाम करणाऱ्या बायांना 1,500, पण नोंदणीकृत. फेरीवाल्यांना 1,500, तेही नोंदणीकृत. रिक्षावाल्यांना 1,500, परवाना असेल तर. नवशिक्याने सरकारी बातमी ऐकताना रकमेवर कान ठेवू नये, विशेषणावर ठेवावा.

बांधकाम कामगार व्हायचे तर विटा वाहून उपयोग नाही. मागच्या वर्षात 90 दिवस विटा वाहिल्याचे प्रमाणपत्र लागते. ते ठेकेदार देऊ शकतो, ग्रामसेवकही देऊ शकतो. ठेकेदाराकडे गेलात तर तो ग्रामसेवकाचे नाव सांगेल, ग्रामसेवकाकडे गेलात तर तो विचारील, काम कुणाकडे केलं? या दोघांमधले अंतर पायी कापण्यात जे दिवस जातात ते 90 मध्ये धरत नाहीत. घरकामाच्या नोंदणीचे वेगळे दुखणे, ती दरवर्षी नवी करावी लागते. टाळेबंदीत जिला चार घरांनी ‘सध्या येऊ नको’ म्हटले, तिने ती कोणत्या मालकिणीच्या सहीने नवी करायची, याचे उत्तर अर्जात छापलेले नव्हते.

हुशार विद्यार्थी इथे हमखास विचारतो: कापूस वेचणाऱ्या बाईने कोणत्या रांगेत उभे राहायचे? कोणत्याच नाही. दाभडीपासून सावळी सदोबापर्यंत ज्या कामावर तालुका उभा आहे, किलोच्या भावाने ज्याची मजुरी मिळते, त्या कामाचे नाव त्या यादीतच नव्हते. तिने वेचणारी म्हणून जाऊ नये. विधवा, निराधार, आदिवासी किंवा निदान रेशनकार्डधारक म्हणून जावे.

आदिवासी असाल तर खावटी. तालुक्यात गोंड, कोलाम, आंध घरे पुष्कळ, तेव्हा हा धडा महत्त्वाचा. बंद पडलेली खावटी योजना सरकारने 2020 मध्ये पुन्हा सुरू केली, कुटुंबामागे 4,000 रुपये: निम्मे खात्यात, निम्म्याचा किराणा. मंजुरी 2020 ची, किराण्याच्या पिशव्या 2021 मध्ये. यातून शिकायचे ते हे, की भूक आधी लागली तरी जेवायची घाई करू नये.

निराधार व्हायचे असेल तर गणित पक्के हवे. संजय गांधी निराधार योजनेची तेव्हाची उत्पन्नमर्यादा वर्षाला 21,000 रुपये. म्हणजे दिवसाला साडेसत्तावन्न. आता रोजगार हमीचा दर पाहा: 2021-22 मध्ये 248 रुपये. कायद्याने हमी दिलेले 100 दिवस एखादीने प्रामाणिकपणे खोदकाम केले तर तिची कमाई 24,800. झाली की श्रीमंत! तेव्हा शंभर दिवस काम मागण्याचा मोह आवरावा. चौऱ्याऐंशी दिवस ठीक आहेत.

आता अंगठा. हे प्रात्यक्षिक आहे, लक्ष देऊन पाहा. रेशन दुकानातल्या ई-पॉस मशीनपुढे एक म्हातारी उभी आहे. पौष महिना, वेचणी जोरात. वाळलेल्या बोंडांच्या टोकांनी बोटांच्या शेंड्यांवरची कातडी चिरलेली.

“बाई, अंगठा नाही उमटून राह्यला. पुसा बरं.”

“पुसला न बापा.”

“केसाईवर घासा.”

ती अंगठा केसांवर घासते. तेलाने ठसा उमटतो असा समज आहे, पण तिच्या डोक्याला तेल नाही. मग तर्जनी, मग मधले बोट, मग दुसरा हात. मागची रांग सल्ले देते. अखेर डाव्या हाताच्या करंगळीने मशीन पिवळ्याचे हिरवे होते आणि ती कुणालाही न पाहता पिशवीचे तोंड उघडते. करंगळीला वेचणीत काम कमी, म्हणून ती सरकारच्या ओळखीची राहिली. सूचना: आधारची बोटे दिवाळीच्या आधी, हात बरे असताना, नव्याने द्यावीत.

ही थट्टा धान्याची नाही, हे सांगून ठेवतो. माणशी पाच किलोचे साथीतले फुकट धान्य एप्रिल 2020 पासून डिसेंबर 2022 पर्यंत मधले काही महिने सोडता आले, आणि त्याच्यावर चुली पेटल्या. केशरी कार्डवाल्या शेतकऱ्याने मात्र वेगळे पुस्तक आणावे. आत्महत्याग्रस्त म्हणून निवडलेल्या 14 जिल्ह्यांत यवतमाळ आहे, त्यामुळे त्याला 2015 पासून स्वस्त धान्य मिळे. साथ ओसरताना ते थांबले आणि 2023 मध्ये त्याऐवजी माणशी महिना 150 रुपये ठरले. दीडशे रुपयांत महिन्याचा गहू-तांदूळ कसा आणायचा, हा वरच्या इयत्तेचा विषय होता.

जनधनच्या पाचशेची आठवण काढावीच लागेल. एप्रिल 2020 मध्ये बायांच्या खात्यात ते आले आणि गर्दी नको म्हणून खाते क्रमांकाच्या शेवटच्या आकड्यावर वार लावले: शून्य-एकवाल्यांनी 3 एप्रिलला, दोन-तीनवाल्यांनी 4 ला, असे पुढे. ज्यांना सही येत नव्हती त्या त्याच आठवड्यात शेवटचा आकडा ओळखायला शिकल्या. मी पाहिलेला सगळ्यात यशस्वी साक्षरता वर्ग तो.

ज्या घरात माणूस गेला त्यांच्यासाठी विनोद नाही. 50,000 रुपयांचे सानुग्रह अनुदान सर्वोच्च न्यायालयाच्या दट्ट्याने मिळाले. त्यासाठी मृत्यूचे कारण कागदावर करोना असावे लागे, किंवा मृत्यूच्या आधीच्या 30 दिवसांत चाचणी पॉझिटिव्ह आलेली. चाचणीला न्यायच्या आधीच जे गेले ते या धड्यात बसत नाहीत.

सगळ्यात सोपा धडा शेवटी ठेवला आहे: शिवभोजन. दोन पोळ्या, एक वाटी भाजी, एक मूद भात, एक वाटी वरण. ही थाळी 26 जानेवारी 2020 ला 10 रुपयांना सुरू झाली, टाळेबंदीत 5 ला आली, एप्रिल 2021 मध्ये फुकट. ना उत्पन्नाचा दाखला, ना 90 दिवस, ना अंगठा. जेवणाऱ्याचा फोटो तेवढा काढत. भुकेसाठी भुकेलाच साक्षीदार मानणारी त्या काळातली ही एकच योजना, आणि माझ्या मते सगळ्यांत शहाणी.

आता कामाचे. निराधार आणि श्रावणबाळ योजनेच्या लाभार्थ्यांना दरवर्षी हयातीचा दाखला द्यावा लागतो. तुम्ही दारात स्वतः उभे असलात तरी भागत नाही, दाखलाच हवा. शेजारच्या म्हातारीचा यंदाचा दिला आहे का, तेवढे आज विचारा.