हयातीचा दाखला

२०१५ साली विंडोज १० आली, तेव्हा ती बसवताना काही संगणकांवर एक चौकट उघडायची. मथळा असायचा 'काहीतरी घडले' आणि त्याखाली खुलासा असायचा, 'काहीतरी घडले'. जगभर तिची टर उडवली गेली, पण संगणकाच्या इतिहासात इतका प्रामाणिक निरोप दुसरा सापडणार नाही. हल्ली इन्स्टॉलेशन फसलं की '०एक्ससी१९००१०१' असा भारदस्त जावक क्रमांक मिळतो. त्याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच, की कुठलातरी ड्रायव्हर आडवा आला. दुकानात मात्र कुठल्याही क्रमांकाचं निदान एकच असतं: "मशीन जुनं झालंय, नवीन घ्या." सगळं खापर वयावर फोडलं की शोधाशोध संपते आणि विक्री सुरू होते. पण जुन्या संगणकाला मिळणारे नकार दोन जातींचे असतात. एक 'जमत नाही' आणि दुसरा 'परवानगी नाही'. पहिला यंत्राचा दोष, दुसरा खिडकीमागच्या कारकुनाचा. दुसऱ्याला पहिल्याचं नाव देऊन संगणक भंगारात काढणं, हा आपल्याकडचा सर्वमान्य दुरुस्ती-उपाय आहे.

विंडोज ११ चंच पाहा. ती ४ जीबी रॅम आणि ६४ जीबी जागा मागते, आणि दहा वर्षांपूर्वीचा बरा लॅपटॉपही एवढं सहज देतो. त्यापुढे टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय हवी, सिक्युअर बूट हवं आणि प्रोसेसरचं नाव कंपनीच्या यादीत हवं. इंटेलची यादी, एखाददुसरा अपवाद सोडला, तर आठव्या पिढीपासून सुरू होते. सातव्या पिढीचे डेस्कटॉप प्रोसेसर जानेवारी २०१७ मध्ये आले. ऑक्टोबर २०२१ मध्ये ही नवी विंडोज आली, तेव्हा त्यांना पाच वर्षंही झाली नव्हती. दर नोव्हेंबरात पेन्शनर आजोबा बँकेत स्वतःच्या पायांनी येतात, पण खिडकीशी उभं राहणं हा जिवंतपणाचा पुरावा धरला जात नाही, हयातीचा दाखला लागतोच. तसंच हे. गंमत अशी, की पुष्कळ संगणकांच्या खिशात हा दाखला, म्हणजे टीपीएम, असतोच. फक्त बायोसमध्ये तो इंटेलच्या मशीनवर 'पीटीटी' आणि एएमडीच्या मशीनवर 'एफटीपीएम' या टोपणनावाने बंद ठेवलेला असतो. प्रोसेसर यादीतला असेल, तर तो चालू केला, की कालचं म्हातारं यंत्र आज पात्र ठरतं. वय तेवढंच, खिशाचं बटण तेवढं उघडलं.

नकार यंत्राचा नसून नियमाचा असतो, याचा पुरावा खुद्द मायक्रोसॉफ्टनेच दिला. सातव्या पिढीला दार बंद, पण 'कोअर आय७-७८२०एचक्यू' हा सातव्या पिढीचाच प्रोसेसर यादीत आला. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ मध्ये तो होता. त्याचे ड्रायव्हर आधुनिक पद्धतीचे आहेत, असं कारण सांगितलं गेलं. कारण खरंही असेल, पण साहेबांचा भाचा गुणी निघाला की गावाला जरा आश्चर्य वाटतंच. पुढे प्रोसेसरची अट ओलांडायची रजिस्ट्रीतली युक्तीही कंपनीनेच छापली आणि नंतर ती गुपचूप काढून घेतली. जे अशक्य असतं त्याला पळवाट नसते. पळवाट निघते ती नियमाला.

यावर सुरक्षेचा आक्षेप येईल, आणि तो पोकळ नाही. टीपीएम डिस्कच्या कुलपाच्या किल्ल्या वेगळ्या जपून ठेवतं, ही सोय खरीच मोलाची आहे. पण सुरक्षेच्या कळवळ्याने ज्यांना नवी विंडोज नाकारली, त्यांच्या जुन्या विंडोज १० ची नियमित डागडुजीही १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. नाव नोंदवणाऱ्या घरगुती ग्राहकांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सवलत, एवढंच. पावसाळ्यात धोका नको म्हणून नवं छप्पर नाकारायचं आणि जुन्याची कौलंही काढून न्यायची, याला सुरक्षा म्हणत नाहीत. दुसरा आक्षेप असा, की काही यंत्रं खरोखरच थकलेली असतात. मान्य. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीला 'पॉपसीएनटी' ही प्रोसेसर-सूचना लागते. कोअर २ ड्युओसारख्या प्रोसेसरांना ती ठाऊकच नाही, तिथे कुठलीही युक्ती चालत नाही. उलट काही वेळा दोष ना यंत्राचा असतो ना कंपनीचा. डिस्क जुन्या एमबीआर पद्धतीची आणि बूट यूईएफआयचं, म्हणून गाडं अडतं. फॅट३२ पेनड्राइव्हवर ४ जीबीहून मोठी फाइल मावत नाही. मदरबोर्डवरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल संपलेला असतो, म्हणून बायोसमध्ये केलेले बदल संगणकाची वीज तोडताच पुसले जातात आणि तारीख कित्येक वर्षं मागे जाते. चिल्लर किमतीच्या सेलपायी हजारोंचं यंत्र 'म्हातारं' ठरतं.

तेव्हा नवीन घेण्याआधी एक साधी चाचणी करा. लिनक्स मिंट ही दुसरी ऑपरेटिंग सिस्टिम पेनड्राइव्हवर घ्या. तिला २ जीबी रॅमही पुरते आणि डिस्कला हात न लावता ती पेनड्राइव्हवरूनच चालते. तुमचं हिशेबाचं सॉफ्टवेअर विंडोजशिवाय चालत नसेल, तर विंडोज राहू द्या, पण चाचणी तरी करा. पडदा उजळला, माऊस हलला, वायफाय लागलं, तर यंत्र धडधाकट आहे आणि अडलंय ते कागदावर. या पद्धतीला 'लाइव्ह' म्हणतात. हयातीचा याहून सरळ दाखला कुठलं कार्यालय देणार? तो हातात आल्याशिवाय भंगारवाल्याला हाक मारू नका.